फ्लूची साथ आली की आपल्या क्लिनिकात काय करायचं, आणि चौथ्या दिवशी काय

हे लिहितोय ते आपल्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांसाठी, म्हणजे एका शटरचं क्लिनिक, एक कंपाउंडर, संध्याकाळी साठेक पेशंट आणि बाहेर स्कूटरींची गर्दी. आयसीयूवाल्यांसाठी नाही, त्यांना त्यांचं काम आपल्यापेक्षा चांगलं येतं. पण साथीत पेशंट आधी त्यांच्याकडे जात नाही, आधी आपल्याकडे येतो आणि म्हणतो, "डॉक्टर साहब, एक सुई लगा दो, कल दुकान खोलनी है."

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा उचल खातो, एकदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात ऑगस्ट-सप्टेंबरला आणि एकदा जानेवारी ते मार्च. आता इंदूरचं कॅलेंडर बघा, एका टोकाला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची मिरवणूक, दुसऱ्या टोकाला रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, दोन्ही वेळेला अर्धं शहर राजवाड्यावर खांद्याला खांदा लावून उभं. हा झाला दर वर्षीचा फ्लू. पँडेमिक म्हणजे व्हायरसच नवा, कोणाच्याच अंगात त्याची नीट ओळख नाही, म्हणून तो ऋतू बघत नाही आणि वयही बघत नाही. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९, शंभर वर्षांत चारदा झालंय. २००९ ला जूनमध्ये डब्ल्यूएचओने स्वाइन फ्लूची पँडेमिक जाहीर केली, ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि इंदूरच्या मराठी घरांत कोणी ना कोणी पुण्याला असतंच, त्यामुळे लोकमान्यनगरपासून सुदामानगरपर्यंत एका दिवसात घाबरगुंडी उडाली, व्हायरस यायच्या आधी फोन आले.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं जपायची हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय पण पँडेमिकमध्ये तेवढ्यावर भागत नाही. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मेली. २००९ मध्ये साठीच्या पुढच्यांत जुन्या व्हायरसची थोडी प्रतिकारशक्ती शिल्लक होती आणि फटका बसला तो तरुणांना, गरोदर बायकांना, फार लठ्ठ माणसांना. म्हणून पहिले दोन आठवडे आपलं रजिस्टर नीट बघा, कोण जास्त पडतंय ते आधी तिथेच दिसतं.

आता माझी चूक सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच आलंय. २०१५ चा फेब्रुवारी, त्या वर्षी देशात स्वाइन फ्लूचे चाळीस हजाराच्या वर पेशंट आणि दोन हजाराच्या वर मृत्यू झाले, राजस्थान-गुजरातला सगळ्यात जास्त आणि आपलं एमपीही मागे नव्हतं. अडतीस वर्षांचा माणूस आला, वजन शंभरच्या घरात, दोन दिवसांचा ताप, १०२, घसा लाल, छाती एकदम क्लिअर. मी पॅरासिटामॉल दिली, सोबत सवयीने अॅझिथ्रो हे अँटिबायोटिक दिलं, आणि म्हटलं "बरं नाही वाटलं तर या". तो पाचव्या दिवशी संध्याकाळी आला, भावाच्या खांद्यावर हात टाकून, ऑक्सिजन ८२, नखं निळी. मी म्हटलं इतके दिवस काय केलंत, तर म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना बरं वाटेल, मी वाट बघत होतो." मी तसं म्हणालो नव्हतो, पण त्याने ऐकलं तेच. वाचला, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर राहून वाचला. तेव्हापासून "बरं नाही वाटलं तर या" हे वाक्य मी बंद केलंय. पहिल्या दिवशी फ्लू सगळ्यांचा सारखाच दिसतो हो, वेगळा होतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि तेव्हा पेशंट आपल्यासमोर नसतो, घरी रजई घेऊन पडलेला असतो.

तर साथीत आपलं काम फ्लू ओळखणं हे नाही, त्या दिवसांत ताप-खोकला म्हणजे फ्लू धरूनच चालायचं. आपलं काम निवडायचं आहे. कोण घरी, कोण कॅप्सूल घेऊन घरी, कोण आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात.

ए, बी, सी

सरकारी गाईडलाईनमध्ये स्वाइन फ्लूच्या वेळेपासून ही तीन खाती आहेत आणि खरं सांगतो, कागदी वाटली तरी कामाची आहेत.

ए म्हणजे साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी, डोकेदुखी, कधी जुलाब-उलटी. याला ना टेस्ट ना ऑसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या व्हायरसवरची कॅप्सूल. पॅरासिटामॉल, पाणी, आराम, घरात वेगळं राहणं, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा विचारपूस. हे शेवटचं आपण कोणीच करत नाही.

बी मध्ये दोन प्रकार. एक, ए सारखाच पण ताप खूप जास्त आणि घसा भयंकर. दोन, लक्षणं साधीच पण माणूस धोक्यातला, म्हणजे पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, पासष्टच्या पुढचे, डायबिटीस, दमा-सीओपीडी, हार्ट, किडनी, लिव्हर, कॅन्सर, एचआयव्ही, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असलेले. यांना टेस्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर सुरू, घरीच. माझ्याकडून मी लठ्ठपणा यात टाकतो, कारण वर सांगितलंच.

सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, बीपी खाली, थुंकीत रक्त, नखं-ओठ निळे. मुलांत सुस्ती, दूध किंवा जेवण बंद, फिट, न उतरणारा ताप, श्वास जोरात. आणि जुना आजार एकदम बिघडला तर तोही सी. टेस्ट यांची, अॅडमिशन यांचं, आणि पहिली कॅप्सूल तिथल्या तिथे, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईस्तोवर धाप लागलेल्या पेशंटला बसवून ठेवा, झोपवू नका.

मोजायचं काय

स्टेथोस्कोपपेक्षा घड्याळ जास्त कामी येतं. साथीत मी प्रत्येकाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजतो, लोकांना वाटतं डॉक्टर नुसता बघत बसलाय. मोठ्या माणसात मिनिटाला तीसच्या वर गेला तर घरी पाठवायचा प्रश्नच नाही. मुलांत दोन महिन्यांखाली साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षं चाळीस, त्याला टेकला की सावध. मूल रडत असेल तर मोजू नका, आईला पाजायला सांगा, शांत झालं की मोजा.

ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी आहे पण नेलपॉलिश काढून आणि थंड हात चोळून गरम करून लावायला सांगा, नाहीतर ८८ बघून रात्री दोनला फोन येतो. ९४ च्या खाली गेलं की मी हॉस्पिटलचं बोलतो. बसल्या बसल्या ९६ असेल तरी क्लिनिकच्या बाहेर थोडं चालवून आणा आणि पुन्हा लावा, तीन-चारने पडलं तर त्याचं खातं बदललं.

आणि एक प्रश्न, हा आपल्या काकू-आजींसाठी खास. "धाप लागते का" विचारलं की त्या नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी धाप म्हणजे जिना चढल्यावरची. "बाथरूमला जाऊन आलात की पलंगावर बसून राहावं लागतं का?" असं विचारा. मग म्हणतात, "हो रे बाबा, ते तर आहेच, अगदी गळून गेल्यासारखं होतं." झालं की उत्तर.

टेस्ट

पेशंटला रिपोर्ट पाहिजे असतो, आपल्याला निर्णय पाहिजे असतो. ए आणि बी मध्ये रिपोर्टने औषध बदलत नाही, मग पैसे का घालवायचे. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं कधी म्हणू नका, ती बरेचदा चुकते. खरी टेस्ट आरटीपीसीआर, नाक-घशाचा स्वॅब, लवकर घेतलेला, व्हायरल मीडियात (स्वॅब टिकवायच्या द्रवात) टाकून बर्फात पाठवलेला, खिशात ठेवून दुपारभर फिरवलेला नव्हे.

ऑगस्ट-सप्टेंबरला मात्र एक गोष्ट विसरू नका, तेव्हा डेंग्यू आणि मलेरियाही गल्लीत असतात. फ्लूत खोकला-घसा असतो, डेंग्यूत शक्यतो नसतो, पण दोन्ही एकत्रही होतात. म्हणून तेव्हा डायक्लोफेनॅकची (अंगदुखीची) सुई अजिबात नाही, प्लेटलेट बघेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. सुई मागणारा रुसतो, रुसू द्या.

पक्ष्यांचंही विचारा, एकच वाक्य, कोंबड्या हाताळल्या का, मेलेला पक्षी उचलला का. २०२० च्या डिसेंबर अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते आणि एच५एन८ हा बर्ड फ्लूचा व्हायरस निघाला होता, आणि बाजूच्या झाबुआला कडकनाथ कोंबड्यांचा धंदा आहे. दरवेळी काही निघणार नाही पण "हो" आलं तर तो पेशंट साध्या लाईनमधला नाही, लगेच जिल्ह्याच्या साथरोगवाल्यांना कळवा आणि स्वॅब पाठवा.

औषध

ऑसेल्टामिविर मोठ्यांना ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनावर, पंधरा किलोच्या खाली ३०, पंधरा ते तेवीस ४५, चोवीस ते चाळीस ६०, त्याच्या वर मोठ्यांचाच डोस, सगळं दोनदा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला किलोला ३ मिलीग्रॅम दोनदा, पण बाळ असेल तर मी बालरोगवाल्याला फोन लावतोच. किडनी मंद असेल, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती साफ करते त्याचं माप) तीस ते साठ, तर ३० दोनदा आणि दहा ते तीस असेल तर ३० एकदाच.

सिरपची बाटली हातात घेऊन वाचा. १ मिलीत १२ मिलीग्रॅमवालंही असतं आणि ६ वालंही, म्हणजे ४५ चा डोस एकात पावणेचार मिली आणि दुसऱ्यात साडेसात. "दीड चमचा दे" म्हणून मोकळं होऊ नका, मिलीत लिहा आणि सिरिंज द्या. साथीत सिरप संपतं, हे ठरलेलं, तेव्हा कॅप्सूल उघडून गुळाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात घोळून देता येते, कडू असतं म्हणून गोड जास्त. उपाशीपोटी मळमळतं, काहीतरी खाऊन घ्यायला सांगा.

अठ्ठेचाळीस तासांत सुरू केलं तर फायदा सगळ्यात जास्त. पण सी वाला चौथ्या दिवशी आला तरी द्यायचंच, "उशीर झाला, आता काय उपयोग" हे चूक. गरोदर बाईला द्यायला घाबरू नका, न देणं जास्त महाग पडतं. दूध पाजणारी आई मास्क लावून, हात धुऊन पाजू शकते. आणि घरातल्या सगळ्यांना "प्रिव्हेंटिव्ह" वाटू नका, धोक्यातल्या माणसाचा पेशंटशी जवळचा संपर्क झाला असेल तर त्याला ७५ रोज एकदा दहा दिवस, बाकीच्यांना लक्षणं आली तर फोन. साठा आपण संपवला तर पाचव्या गल्लीतल्या गरोदर बाईला मिळत नाही.

एक गंमत, हे औषध बनवायला लागणारं शिकिमिक अॅसिड चक्रफुलातून काढायचे, आणि हे कुठे कोणी वाचलं की सियागंजातून पावपाव किलो चक्रफूल घरी येतं. काढ्यात टाका, बिर्याणीत टाका, पण ते ऑसेल्टामिविर नव्हे, मधे बरीच केमिस्ट्री आहे.

काय द्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. मुलांना आणि अठरा वर्षांखालच्यांना अॅस्पिरिन नाही, राय सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे लिव्हर आणि मेंदूला इजा. स्टेरॉइड ताप उतरवायला म्हणून कधीच नाही, फ्लूत त्याने नुकसान होतं, दम्याचा अटॅक असेल तर ती गोष्ट वेगळी आणि ज्याचं आधीपासून चालू आहे त्याचं अचानक बंदही करू नका. अमँटाडिन हे फ्लूचं जुनं औषध या व्हायरसांवर आता चालत नाही. बॉटल चढवायची तर ज्याला उलट्या होताहेत, पिता येत नाही त्याला, "कमजोरी" साठी नाही, एक बॉटल म्हणजे तो माणूस दोन तास तुमच्या बंद खोलीत खोकत पडलेला.

आणि अॅझिथ्रो. मी स्वतः दिली म्हणून हक्काने सांगतो, पहिल्या दिवशी अँटिबायोटिक नको. त्याची वेळ वेगळी असते, ताप उतरला, पेशंट उठून पोहे खायला लागला आणि मग दोन दिवसांनी परत थंडी वाजून ताप, कफ पिवळा, छातीत एका बाजूला टोचतंय. हे फ्लूचं दुसरं पाऊल, बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, न्यूमोकोकस नाहीतर स्टॅफ. १९१८ ची बरीच माणसं याच दुसऱ्या पावलाने गेली, तेव्हा अँटिबायोटिकच नव्हतं. आज आहे, तर योग्य दिवशी वापरा, एक्स-रे काढा, आणि थुंकीत रक्त घेऊन झपाट्याने पडणारा तरुण दिसला तर गोळ्या देत बसू नका, पाठवा. छातीत दुखलं की ईसीजी पण काढा, फ्लूच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाणही वाढतं. डायबिटीसवाल्याची शुगर रोज.

क्लिनिक

तापवाल्यांची वेळ वेगळी करा, माझ्याकडे सकाळी नऊ ते साडेदहा साधे पेशंट, बीपी-शुगरवाले आजोबा-आजी, आणि तापवाले त्यानंतर. खुर्च्या आत नाही, ओट्यावर. एसी बंद, खिडकी उघडी, टेबलफॅन माझ्या पाठीमागून पेशंटकडे आणि पुढे दाराबाहेर, उलटा लावला तर दिवसभर सगळ्यांचा खोकला मीच खातो. साधा तीन पदरी मास्क पेशंटलाही आणि मलाही, एन-९५ स्वॅब घेताना. नेब्युलायझर क्लिनिकात शक्यतो नाही, त्याने हवेत फवारा उडतो, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप द्या, काम तेच होतं. हाताला साबण, टेबलाला एक टक्का हायपोक्लोराइट, दाराची कडी आणि पेन विसरू नका, पेन सगळे विसरतात.

कंपाउंडर आणि रिसेप्शनवरची मुलगी यांना फ्लूची लस दर वर्षी आपल्या पैशाने द्या. पँडेमिकच्या नव्या व्हायरसवर जुनी लस चालेलच असं नाही, नवी यायला काही महिने जातात, पण साधा फ्लू तरी त्या गर्दीत नको. आणि त्यांना ताप आला तर सुट्टी, "थोडं काम आहे ये" नाही.

पेशंटला सुट्टीचं सर्टिफिकेट मागायच्या आधी द्या. लक्षणं सुरू व्हायच्या एक दिवस आधीपासून ते सुरू झाल्यावर पाच-सात दिवस तो पसरवतो, मुलं जास्त दिवस. सात दिवस घरी, आणि औषधाशिवाय ताप जाऊन चोवीस तास झालेले असले पाहिजेत. दुकानदार ऐकत नाही, त्याला म्हणा, "भिया, छप्पन दुकानच्या गर्दीत तू एकटा खोकलास तर दहा जण घरी घेऊन जातील."

गाईडलाईन साथ चालू असतानाच बदलते, दर सोमवारी एकदा बघा. व्हॉट्सअॅपवर आलेली नाही, आरोग्य मंत्रालयाची.

फोन

आता मुख्य काम. रजिस्टरला एक जास्तीचा कॉलम आखा, आजार सुरू झाल्याचा दिवस. आपल्याकडे आला तो दिवस नव्हे, ताप आला तो. त्यात दोन मोजून पुढे तिसरा, चौथा, पाचवा दिवस पेन्सिलने लिहा. सकाळी अकराला कंपाउंडर त्या दिवशीची नावं काढतो आणि फोन करतो, चार प्रश्न. ताप गेला होता आणि परत आला का? बाथरूमला जाऊन आल्यावर बसावं लागतं का? जेवण-पाणी जातंय का? घरच्यांना वेगळं काही वाटतंय का, म्हणजे गुंगीत आहे, असंबद्ध बोलतोय? एकाचंही उत्तर वाकडं आलं की फोन माझ्याकडे, आणि मी स्वतः ऐकतो, माणूस वाक्य पूर्ण करतोय की मधेच थांबून श्वास घेतोय.

जाताना पेशंटच्या हातात चिठ्ठी द्या, हिंदी आणि मराठी दोन्हीत, धाप, निळे ओठ, छातीत दुखणं, गुंगी, परतलेला ताप. खाली लिहा, यातलं एक जरी झालं तरी अपॉइंटमेंट नको, सरळ या, रात्री असेल तर सरळ हॉस्पिटल. "बरं नाही वाटलं तर" यात पेशंटने काय समजायचं ते त्याच्यावर राहतं, निळे ओठ कोणालाही दिसतात.

राजेंद्रनगर, सुदामानगरमधली कितीतरी घरं अशी आहेत की मुलगा पुण्यात किंवा बंगलोरला, सून तिकडेच, इथे आजी-आजोबा दोघंच. आजोबा आजारी पडले तर आजी सांगत नाही, मुलाला काळजी लागेल म्हणून. मी पहिल्याच दिवशी मुलाचा नंबर घेतो आणि समोरच फोन लावतो, "दादा, बाबांना फ्लू आहे, काळजीचं नाही, पण पाच दिवस रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा, नुसता आवाज नको, तोंड बघा." शेजाऱ्यांचा नंबरही घेतो, चावी कोणाकडे आहे तेही विचारतो. आजी ओशाळते, "अहो डॉक्टर, एवढं कशाला," तरी घेतो.

फोन उचलला नाही तर अर्ध्या तासाने परत करायचा, तेव्हाही नाही उचलला तर शेजाऱ्याला, आणि तो म्हणाला "दार वाजवलं, उघडत नाहीत", तर बाहेर कितीही पेशंट असू देत, स्कूटर काढायची.